जुनी सिंबल भंगारात द्यायच्या आधी…

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त पाल्हाळ कापलाय.

आजचा प्रश्न: घरात एखादी जुनी सिंबल किंवा झांज सापडली, तर ती कुठली आणि किती जुनी, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न आपल्या भागात फार जवळचा आहे. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. मोठ्या फडांत ढोलकी-हलगीच्या शेजारी ड्रमसेटही आलाय. त्यात लग्नातल्या बँडपार्ट्या, बँजो पार्ट्या आणि भजनी मंडळं धरा. एखादा फड किंवा पार्टी बंद पडली की सामान माळ्यावर जातं आणि तिथून एक दिवस भंगारात. भंगारवाला वजन बघतो, वाद्य बघत नाही. चूक त्याची नाही. काय विकतोय हे आपल्यालाच माहीत नसतं.

पहिली पायरी: धातू

चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. नाही चिकटला तर कांसं किंवा पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कांसं म्हणजे तांबं आणि कथील. चांगल्या सिंबल कांशाच्या असतात. त्यात दोन प्रमाणं नेहमी भेटतात: ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, किंवा ९२ आणि ८. पितळी सिंबल जास्त पिवळी दिसते आणि तिचा आवाज लवकर मरतो. कांशाचा आवाज पसरतो, रेंगाळतो. हलक्या काडीने वाजवून बघा, पण आपटू नका. जास्त कथिलाचं कांसं कडक असतं, पडलं तर तडकतं.

एक लक्षात ठेवा. धातूवरून दर्जा कळतो, साल कळत नाही.

दुसरी पायरी: आकडा दिसला म्हणजे साल नव्हे

इथे भलेभले फसतात. सिंबलवर ‘२००२’ दिसलं की लोक म्हणतात, वीसेक वर्षांपूर्वीची आहे. पण ‘२००२’ हे पाइस्टे कंपनीच्या एका मालिकेचं नाव आहे, आणि ती मालिका १९७१ साली बाजारात आली. उलटी गंमत झिल्जनची. त्यांच्या नावासोबत १६२३ हे साल येतं, पण ते इस्तंबूलमधल्या त्यांच्या घराण्याच्या सुरुवातीचं. तुमची सिंबल शिवाजी महाराजांच्या आधीची नाही!

तिसरी पायरी: दोन टोकं पकडा

नेमकं साल शोधत बसू नका. ‘याच्या आधीची असूच शकत नाही’ आणि ‘याच्या नंतरची असूच शकत नाही’ अशी दोन टोकं काढा. आम्ही कोडमधला बग शोधतो तोही असाच: कोणत्या बदलापर्यंत चालत होतं, कोणत्या बदलानंतर बिघडलं. मग मधली जागा आवळत न्यायची.

अव्हेडिस झिल्जन कंपनी अमेरिकेत १९२९ साली सुरू झाली, म्हणजे त्या कंपनीचा ठसा असलेली सिंबल त्याआधीची नाही. सेबियन ही कॅनडातली कंपनी १९८१ ची. त्यामुळे ‘आजोबांनी १९६० मध्ये घेतलेली सेबियन’ ही गोष्ट खोटी ठरते, आजोबा कितीही खरे असोत.

आता एक उदाहरण करून बघू. समजा पाइस्टे २००२ आहे आणि तिच्यावर ठोकलेला अनुक्रमांक ८ ने सुरू होतो. त्यांच्या जुन्या अनुक्रमांकांत पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा. म्हणजे १९७८, १९८८ किंवा १९९८. मालिकाच १९७१ ची, त्यामुळे १९६८ बाद. आता घरच्यांना विचारा, फड कधी बंद झाला? १९८५ ला म्हणाले, तर उरलं एकच साल: १९७८. अर्धं उत्तर धातूवर होतं, अर्धं काकांच्या आठवणीत.

आपल्या टाळ-झांजांचं काय?

त्यांच्यावर बहुतेक वेळा कंपनीचा ठसा नसतो, पण खुणा असतात. कडेला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव शोधा, भांड्यांवर घालतात तसं. सोबत शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८८५ म्हणजे १९६३. महिना पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतील. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. दुकानाचा पत्ता असेल तर आणखी सोपं: पिनकोड असेल तर वस्तू १९७२ च्या आधीची नाही, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. इंग्रजीत ‘बॉम्बे’ लिहिलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीची.

पण कोरलेलं साल कशाचं, हेही विचारा. बनवल्याचं की वाहिल्याचं? याचा उत्तम धडा आपल्या शेजारीच आहे. घोडेगाव-डिंभ्यावरून भीमाशंकरला गेलात तर शनिमंदिरापाशी मोठी घंटा दिसते. तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ हे साल आहे. ज्योतिर्लिंगाच्या दारात क्रूस कसा? कारण ती पोर्तुगीज घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत आल्या. भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच मानली जाते. म्हणजे ओतल्याचं साल एक आणि देवळात आल्याचं दुसरं. फक्त १७२९ वाचलं तर वसईची सगळी लढाई हातातून निसटते.

काय करू नका

घासू नका! चिंच, मीठ, राख, भांडी उजळायची पावडर, काहीच नको. झिल्जनसारख्या कंपन्यांचे जुने ठसे उथळ असतात, शाईने छापलेलं नाव तर दोन हातांत निघून जातं. शाई नसली म्हणून सिंबल जुनी ठरत नाही, कुणीतरी आधीच घासलेली असू शकते. हिरवट-काळपट थरावरूनही साल काढू नका. ओलसर माळ्यावर तो लवकर चढतो. मधलं भोक झिजून लांबट झालं असेल तर ती खूप वाजली एवढंच कळतं.

मग काय करा

मोबाइलचा टॉर्च आडवा धरून फोटो काढा, सरळ नको. तिरप्या उजेडात झिजलेला ठसाही सावलीने उठून दिसतो, हातोडीच्या खुणाही. व्यास इंचांत मोजा, वजन ग्रॅममध्ये करा, तडा आहे का बघा. वाजवून वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. आणि शेवटी रेकॉर्डर चालूच ठेवून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: कुणी आणली, कुठून, कोण वाजवायचं?

सिंबलवरचा ठसा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. माणसाचं तसं नसतं, म्हणून या यादीतलं शेवटचं काम सगळ्यात आधी करा. मग विकायची तर खुशाल विका. फक्त काय विकतोय हे माहीत असू द्या.