एकाच संगणकावर दोन आवृत्त्या

आज चेन्नईतलं एक उदाहरण घेऊ. तिथल्या सी-डॅकच्या केंद्रात 'बॉस' लिनक्स तयार होतं. पहिली आवृत्ती २००७ची. सरकारी कार्यालयांत वापरता यावं, मराठीसकट भारतीय भाषांत चालावं, हा त्यामागचा हेतू. पाया मात्र डेबियनचा, त्यामुळे डेबियनची बंधनंही सोबत आली.

त्यातलं मोठं बंधन असं: डेबियनचा पॅकेज मॅनेजर एका नावाच्या पॅकेजची एका वेळी एकच आवृत्ती ठेवतो. दोन्ही आवृत्त्यांना आपली फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावानं लिहायची असते. एका प्लॉटवर दोन घरं कशी बांधणार?

आता समजा, कार्यालयातल्या जुन्या प्रोग्रामला ओपनएसएसएल १.१ हवंय आणि बाकी सगळ्यांना ३. डेबियनची युक्ती म्हणजे आवृत्ती नावातच घालायची. 'लिबएसएसएल१.१' आणि 'लिबएसएसएल३' ही दोन वेगळी पॅकेजं, आतल्या फाइलींची नावंही वेगळी. मग दोघं गुण्यागोविंदानं नांदतात. पायथन २ आणि ३ असेच कित्येक वर्षं शेजारी होते.

नेदरलँड्सच्या एल्को डोल्स्ट्रांनी २००६च्या पीएचडी प्रबंधात 'निक्स'ची पद्धत मांडली. तिथे प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर, नावात एक लांबलचक खूण. दहा आवृत्त्या ठेवा, भांडण नाही. फार सुंदर कल्पना!

पण ठेवणं सोपं, सांभाळणं अवघड. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधलं 'हार्टब्लीड' हे भगदाड उघड झालं. लायब्ररी सामायिक असेल तिथे एक पॅकेज बदलून, सेवा पुन्हा सुरू केल्या की काम झालं. ज्या प्रोग्रामनं स्वतःची प्रत पोटात ठेवली होती, तो मात्र एकेक करून शोधावा लागला. आणि १.१ मालिकेचा मोफत आधार तर ११ सप्टेंबर २०२३ला संपला. त्यात आता भगदाड सापडलं तर बुजवणार कोण? म्हणून माझं मत: जुनी लायब्ररी ठेवायचीच असेल, तर ती काढायची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

ती कोणासाठी अडकून पडलीय हे पाहायला 'एपीटी आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड लिबएसएसएल१.१' हा आदेश द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. फक्त पॅकेजमधून आलेलेच प्रोग्राम त्यात दिसतील. कुणी पेनड्राइव्हवरून आणून टाकलेला प्रोग्राम दिसणार नाही. तो तुम्हालाच कार्यालयात विचारत फिरावा लागेल.