उंबरठ्यापासून लेमान सरोवरापर्यंत

मैत्रिणींनो, 'पळणं' हा शब्द आपल्या वाट्याला कसा येतो बघा. दूध उतू चाललं, पळ. नळाला पाणी आलं, पळ. एस.टी. सुटायला लागली, पळ! दिवसभर आपण पळतच असतो की. पण निव्वळ स्वतःसाठी पळायचं म्हटलं, की 'लोक काय म्हणतील?' आडवं येतं. आणि त्यासाठी परदेशात जायचं म्हटलं तर? विचारूच नका!

आमच्या अहमदपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा दहा-बाराजणींचा गट आहे. त्यातल्या एका वहिनींनी नुकतीच पन्नाशी गाठली. त्यांचा मुलगा नोकरीसाठी स्वित्झर्लंडला असतो. "आई, ऑक्टोबरात ये, आपण दोघं लोझानची हाफ मॅरेथॉन करू," असा त्याचा फोन आला आणि घरात वादळ उठलं. सासूबाई म्हणाल्या, "या वयात पळायचं म्हणजे काय बाई!" यजमानांनी खर्चाचा हिशोब मांडला.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर. आपल्याकडून लातूर जेवढं लांब, त्याचा साधारण तिसरा हिस्सा. लोझानची ही वाट लेमान सरोवराच्या काठाकाठाने जाते. यालाच आपण जिनिव्हाचं सरोवर म्हणतो. एका हाताला ५८० चौरस किलोमीटरचं निळं पाणी, पलीकडे आल्प्सची शिखरं. दुसऱ्या हाताला डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले द्राक्षमळे. हे लाव्हो मळे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

पण मला या शहराचं महत्त्व वेगळ्याच कारणाने वाटतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं मुख्यालय इथेच आहे. बाईच्या शरीराला लांब पळणं झेपत नाही, असं जगभर मानलं जायचं. १९६७ मध्ये बोस्टनला कॅथरिन स्विट्झर नंबर लावून धावली, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला शर्यतीतच ओढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली! आणि २०२५ मध्ये त्याच समितीच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक बाई बसली, कर्स्टी कोव्हेंट्री. म्हणजे वाट मिळाली, पण कुणी आयती दिली नाही.

आपल्या मराठी बायकाही मागे नाहीत. २०१३ मध्ये बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते. मुंबईच्या क्रांती साळवी यांनी २०१८ मध्ये बर्लिनची पूर्ण ४२ किलोमीटरची मॅरेथॉन नऊवारीत ३ तास ५७ मिनिटांत पार करून गिनीज बुकात नाव नोंदवलं. एक गरजेपोटी धावली, दुसरी हौसेने. गरजेपोटी धावणाऱ्या बाईचं कौतुक आपण लगेच करतो. हौसेने धावणारीला मात्र कारण विचारतो. असं का?

खर्चाचं म्हणाल, तर तो लाखाच्या पुढे जातो, हे खरं. सगळ्यांना परवडणार नाही. पण लग्नात एका दिवसात किती उडतात, हे कोणी विचारतं का?

वहिनींचा निर्धार पक्का झाला तेव्हा आम्ही सगळ्याजणी कामाला लागलो. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घेतलं. मग आठवड्यातून चार दिवस, ऊन चढायच्या आत, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. हळूहळू पळणं वाढवायचं. आठवड्यातून एकदाच लांबचा पल्ला. बूट चांगले हवेत आणि शर्यतीच्या दिवशी नवेकोरे घालायचे नाहीत. शर्यतीला वेळेची मर्यादा असते, ती आधीच बघून ठेवायची. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३० हजार युरोचा प्रवास-विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

पहिल्या आठवड्यात रस्त्यावरची पोरं हसली. दुसऱ्या आठवड्यात कंटाळली. तिसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या दोन सुना आमच्यात आल्या! सासूबाई आता रोज शेंगदाणा-गुळाचा लाडू वहिनींच्या हातावर ठेवतात. तोंडाने मात्र अजून काही बोलत नाहीत.

वहिनी लोझानला पहिल्या येणार नाहीत, शेवटच्याही येतील कदाचित. पण २१ किलोमीटर कुणी त्यांना "अगं, चहा टाक" म्हणणार नाही. एवढा वेळ फक्त स्वतःचा, असं शेवटचं कधी घडलं होतं, आठवून बघा. तुमच्या गावात लेमान सरोवर नसेल, पण एखादा तलाव, शाळेचं मैदान, शेताकडची पांदण तर असेलच ना? मग उद्या सकाळी अर्धा तास काढा. एकटीला संकोच वाटत असेल, तर शेजारणीला हाक मारा.