काटेपूर्णेच्या चिखलात

बार्शीटाकळी सोडून महानच्या रस्त्याला लागलोय. दोन्ही बाजूंना कापूस फुटलाय. सोयाबीन केव्हाच निघालं, त्या वावरांत हरभऱ्याची पेरणी चाललीय. वखरलेल्या मातीवरून एक भोवत्या पक्षी पंख उंच धरून, जमिनीला लागतो की काय इतक्या खालून, तिरका तिरका जातोय. थांबावंसं वाटतं, पण उन्हं वर यायच्या आत धरण गाठायचंय.

महानचं, म्हणजे काटेपूर्णेचं, धरण भरलेलं आहे. अकोला शहर हेच पाणी पितं आणि खालची रब्बीही याच्याच भरवशावर. पण भरलेलं धरण पक्षी बघणाऱ्याच्या फारसं कामाचं नाही. मधोमध बदकांचे काळे ठिपके दिसतात, आणि दुर्बीण लावूनही निम्म्यांची नावं सांगता येत नाहीत. म्हणून भिंत सोडून आम्ही फुगवट्याच्या टोकाला जातो. तिथे पाणी ओसरू लागलंय. उघड्या पडलेल्या चिखलात काही दिवसांनी गाळपेर होईल. आज मात्र तो छोट्या टिलव्यांचा आहे.

पालथं पडून बघतो. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचं हे पाखरू चोच चिखलात टोचतं, दोन पावलं पुढे, पुन्हा टोचतं. पाठीवरची पिसं मध्येच तपकिरी, मध्येच राखी. उन्हाळ्याचा रंग अजून पुरता उतरलेला नाही. त्याचं घरटं उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात असतं. एवढ्या लांबून आल्यावर त्याला पोटभर किडे देणारी ही हातभर रुंदीची पट्टी. उद्या पाणी वर चढलं, की तीही गेली.

डोंगा ओढत एक भोईदादा काठाला लागतात.

"काय पाहून रायले भाऊ?"

"पाखरं."

"मंग थे नारिंगी बदकं पाह्यले का? काल सांजच्यानं आले. रातभर वरडून रायले."

ते दाखवतात तिकडे, बाभळींच्या पलीकडे, चक्रवाकांच्या तीन-चार जोड्या उभ्या आहेत. तिबेट, लडाखकडचे हे रहिवासी. रात्री चकवा-चकवीची ताटातूट होते असं कवी पिढ्यान् पिढ्या लिहीत आले. इथे तर जोड्या खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. कवींनी एखादी रात्र धरणावर काढायला हवी होती.

एकदम सगळा चिखल उडतो. टिलवे, तुतवार, शेकाटे, सगळे. वर कैकर आलाय. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, पाय पुढे काढतो आणि धपकन आदळतो. क्षणभर नुसते पंख दिसतात. मग अंग झटकत उठतो तो पंजात मासा घेऊन. माशाचं तोंड आधी वेडंवाकडं होतं. उडता उडता तो ते नीट पुढच्या दिशेला वळवून घेतो. वाऱ्याचा अडथळा तेवढाच कमी.

"आमच्या जाळ्यात इतका मोठा नाई येत," भोईदादा म्हणतात.

टिलवे पाच मिनिटांत परत उतरतात. पण मागून एक गाडी येते. गळ्यात भलीमोठी लेन्स अडकवलेला माणूस उतरतो आणि डोंगा चक्रवाकांच्या अंगावर घालण्याचे किती घेणार, म्हणून विचारतो. उडतानाचा फोटो हवाय त्याला. भोईदादा मान हलवतात आणि जाळं वाळत घालायला लागतात. कैकरामुळे उडणं पाखराला टाळता येत नाही. फोटोसाठी उडणं निव्वळ उधळपट्टी, हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाची तर फारच.

5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा. इथलं काटेपूर्णा अभयारण्य 1988पासून आहे, तरी अकोल्याची माणसं इथे सहलीलाच जास्त येतात. त्या आठवड्यात एकदा पहाटे या. सूर्य पाठीशी ठेवा, लांबच बसा. दुर्मीळ काही दिसलं नाही तरी वहीत तीन गोष्टी लिहा: तारीख, पाखरू, आणि पाणी कुठवर होतं.