जंगलातल्या रस्त्यावरची रेषा

चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली, धानोरा असा छत्तीसगडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ९३० असो किंवा आरमोरीहून आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंच्याला जाणारा ३५३-सी, या रस्त्यांचे लांबच लांब टप्पे जंगलातून जातात. तिथे रात्री दिवे नसतात आणि झाडीमुळे वळणापलीकडचे दिसत नाही. अशा ठिकाणी डांबरावरची रेषा म्हणजे पुढचा रस्ता आधीच मोजून ठेवलेल्या माणसाने चालकाला दिलेली सूचना असते. मधली रेषा तुटक असेल आणि समोर मोकळे दिसत असेल, तर ओव्हरटेक करता येते. ती सलग झाली की पुढे पुरेसे लांबचे दिसत नाही, असे समजावे. सलग आणि तुटक अशा दोन रेषा शेजारी असतील, तर आपल्या बाजूची पाळायची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९१७ साली मार्क्वेटजवळ अशी मधली रेषा मारली गेली, तीही एका अपघाती वळणावरच.

पुरेसे लांबचे म्हणजे किती? ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. ट्रकला मागे टाकायला दहा सेकंद लागले, तर आपण २२० मीटर कापतो आणि समोरून तेवढ्याच वेगाने येणाराही तेवढेच अंतर कापतो. म्हणजे सुरुवात करतानाच जवळपास साडेचारशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. दाट झाडीतल्या वळणावर कधी शंभर मीटरही दिसत नाहीत. सुरजागडचे लोहखनिज किंवा चंद्रपूरचा कोळसा नेणाऱ्या ट्रकमागे अडकलेल्या दुचाकीस्वाराचा धीर नेमका इथेच सुटतो.

जंगलातला रस्ता रिकामाच, मग रेषा कशाला, असे काही जण विचारतात. पण तो रिकामा नसतोच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला निघालेली माणसे कडेने चालतात. गुरे, चितळ, रानडुकरे रस्ता ओलांडतात. कडेची रेषा पायी चालणाऱ्यांची जागा राखते. वाघाला रेषा कळत नाही हे खरेच. पण आपल्या लेनमध्ये बेताच्या वेगाने चाललेल्या चालकाला ब्रेक लावायला वेळ मिळतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पावसाळ्यात रेषा दिसतच नाही. रेषेच्या रंगात मिसळलेले बारीक काचमणी हेडलाइटचा प्रकाश चालकाकडे परत फेकतात. त्यांच्यावर पाण्याचा थर बसला की ते निष्प्रभ होतात, आणि जड ट्रकांच्या चाकांखाली रंगही झिजतो. म्हणून वळणांवर उंचवट्याचे परावर्तक हवेत आणि रंगकाम वेळोवेळी व्हायला हवे. नव्या डांबरीकरणानंतर वळणावर चुकून तुटक रेषा मारली गेली, तर ती रेषा नसण्यापेक्षाही घातक, कारण ती चालकाला खोटी परवानगी देते. सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महामार्ग यंत्रणेने ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक वळणावरची रेषा रात्री, गाडीच्या उजेडात तपासावी.