जुन्या गाडीची न उघडणारी काच: काढणे आणि पुन्हा बसवणे

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्या सोलापूरचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, पद्मिनी बाहेर पडल्या. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत न हलणारी काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते. आज आपण बाजूची अशी काच कशी काढायची, हे पाहू.

आपल्याकडच्या उन्हाने हे रबर आटतं, कडक होतं, त्याला चिरा पडतात. उन्हाळ्यात काही कळत नाही. सप्टेंबरचा पाऊस आला की पाणी रबराखालून पत्र्यात शिरतं आणि सीटखाली, तळाशी साचतं. इंजिन ठणठणीत असताना तळाचा पत्रा सडतो. इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेल्या सांगाड्याचा खर्च परवडत नाही आणि गाडी भंगारात जाते. एवढ्यासाठी या रबराकडे बघायचं.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधू. एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची बारीक धार खालून वर न्यायची. वरून सुरुवात केली तर ओघळ फसवतात.

आता काच काढू. बाजूची काच टफन्ड असते. ती मधोमध दाब सोसते, पण कडेला टोला बसला की क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून चष्मा, हातमोजे हवेतच आणि काच ठेवायला खाली जुनी सोलापुरी चादर घडी करून अंथरावी. रबरात चमकती पट्टी असेल तर ती आधी काढायची. मग साबणाचं पाणी सोडून, आतल्या बाजूने बोथट लाकडी पट्टीने रबराची कड पत्र्यावरून सोडवायची आणि वरच्या कोपऱ्यापासून तळहाताने बाहेर ढकलायचं. बाहेर धरायला माणूस पाहिजेच. रबर दगड झालं असेल तर ब्लेडने कापा. रबर नवं मिळतं, जुन्या मॉडेलची काच शोधत फिरावं लागतं.

खरं काम यानंतरचं. चौकटीचा गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, प्रायमर, मग रंग लावा आणि पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली तर नव्या रबराखाली जुना गंज वाढतच राहतो.

बसवताना रबर आधी काचेवर चढवायचं. पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली, आतल्या बाजूला ठेवायची. साबणाचं पाणी लावून एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी सुटत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते.

शेवटी बाहेरच्या कडेखाली न वाळणारं सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातल्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याची धार सोडून तपासा.

नव्या गाड्यांत मात्र काच थेट पत्र्याला चिकटवलेली असते. तिथे ही रीत चालत नाही, ते काम काचवाल्याकडेच द्यावं.