दुखावलेले नख ओढून काढू नये

दारात बोट चेंगरल्यास किंवा म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या सुमारे 1000 पायऱ्या अनवाणी चढताना ठेच लागल्यास नखाखाली रक्त साकळून नख काळेनिळे पडते. अशा वेळी आपण प्रथम बोटातील अंगठी अथवा जोडवे काढावे. सूज आल्यावर ते निघत नाही. जखम साबण व वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी आणि रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरावी. कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटे लावावा. हात वा पाय उंचावर ठेवावा.

सैल झालेले नख हे खालील नाजूक त्वचेचे आवरण असते. त्यामुळे ते न ओढता पट्टीने झाकावे. केवळ लोंबणारी कड कापावी. तापवलेल्या सुईने नखास छिद्र पाडू नये. जखमेवर चुना, शेण, तंबाखू लावू नये.

असह्य ठणका, पू, वाढती लाली, खोल जखम किंवा वाकडे झालेले बोट दिसल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. मधुमेही व्यक्तीस पायाची संवेदना कमी झाल्याने वेदना जाणवेलच असे नाही. त्यांनी लहान जखमही दाखवावी. जखमेत माती गेली असून धनुर्वाताची लस घेऊन 5 वर्षे उलटली असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.

हाताचे नवे नख सुमारे 6 महिन्यांत, तर पायाचे 12 ते 18 महिन्यांत पूर्ण वाढते. तोवर धीर धरावा.