हेराल्डचा पत्रा आणि कृष्णाकाठचा गाळ

जुन्या गाडीच्या दाराखाली रंगाला फोड आला, की बहुतेक मालक तो घासून घेतात, लांबी भरतात आणि वरून रंगाचा हात मारतात. दिवाळीत गाडी चकचकते. पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्याच जागी आधीपेक्षा मोठा फोड उभा राहतो, कारण पत्रा आतून गेलेला असतो. फोड बाहेर दिसतो तेव्हा आतलं काम बरंच आधी उरकलेलं असतं. म्हणून गंज झाकू नये, तो कापून काढावा, हे माझं ठाम मत आहे. आणि हे काम घरच्या अंगणात नीट होऊ शकतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्रे एकमेकांवर बसवून जोडलेले असतात तिथे तो पाचर मारल्यासारखा शिरतो आणि जोड फाकवतो. अशा फटीत शिरलेलं पाणी सहजी सुकत नाही. त्यात माती असेल तर ती ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. आपल्या भागात तर हवामानाच्या दोन तऱ्हा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर माणदेशात पाचशेच्या आसपास. दहिवडीकडे वर्षानुवर्षं शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर फुटतं, गाद्या विरतात, पण पत्रा टणक असतो. मेढा-महाबळेश्वरच्या पट्ट्यातली गाडी वरून देखणी असली तरी आधी तिच्याखाली आडवं पडून बघावं.

सांगलीची गोष्ट निराळी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि अनेक जुन्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. पूर ओसरल्यावर लोकांनी इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, गाद्या वाळवल्या. दाराखालच्या पोकळ पट्टीत बसलेला मऊ काळा गाळ मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. नंतर अशाच एका हेराल्डची पट्टी खोलताना मी हजर होतो. शेवटचा बोल्ट सुटला आणि आतून गाळाची अख्खी लांबट वीट बाहेर आली. बाहेरून कोरडी, मोडल्यावर मधे ओलसर. तिला चिकटून पत्र्याचे पापुद्रे निघाले. पुरात सापडलेली गाडी पहिल्या आठवड्यातच पोकळ भागांत पाण्याचा पाइप घालून आतून धुवावी, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

हेराल्डची ओळख थोडक्यात करून देतो. इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ही गाडी १९५९ मध्ये आणली. आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती भारतात बनवली, पुढे चार दारांचीही काढली. त्या काळी आपल्या रस्त्यावर अॅम्बॅसेडर, फियाट आणि हेराल्ड अशी तीनच प्रमुख नावं होती.

मला या गाडीचं वेड लागलं ते तिच्या जोडणीमुळे. १९५३ मध्ये बीएमसी या प्रतिस्पर्धी कंपनीने फिशर अँड लडलो हा बॉडी बनवणारा मोठा कारखाना विकत घेतला आणि ट्रायम्फपुढे प्रश्न उभा राहिला, की अख्खी बॉडी आता बनवून घ्यायची कुणाकडून? त्यांनी गाडी तुकड्यांत विभागली. वेगवेगळ्या ठिकाणी भाग बनवून घेतले आणि ते वेगळ्या चॅसीवर बोल्टने आवळले. इतर गाड्या एकसंध बॉडीकडे वळत असताना हेराल्ड अशी सुट्या भागांची राहिली. पुढचं सबंध तोंड एका तुकड्यात पुढच्या बाजूला उघडतं. दोन दारी हेराल्डचं छप्पर बोल्ट काढून उचलता येतं. दाराखालची पट्टीही बोल्टवरच. त्या कंपनीची अडचण आज घरी काम करणाऱ्याच्या पथ्यावर पडली आहे.

याच चॅसीला आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार निघाली. आकार पुन्हा मिकेलोत्तींचाच. दोघींत एक फरक मात्र जीवघेणा आहे. स्पिटफायरच्या चॅसीला बाजूचे लोखंडी दांडे नाहीत, तिथला भार दाराखालची पट्टीच पेलते. आधार न देता ती कापली तर गाडी मधे खचते आणि दार चौकटीत बसेनासं होतं. हेराल्डला बाजूचे दांडे आहेत, त्यामुळे पट्टी निर्धास्त काढता येते. तिची आतली बाजू मात्र उघडी. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट आत जातो आणि चॅसीच्या आडव्या हातांवर साचतो. तेव्हा पट्टी बदलताना हे हात स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावेत. नुसती पट्टी नवी बसवून मागचं कुजकं लोखंड तसंच ठेवणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला रंग देणं.

आता प्रत्यक्ष काम. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे खाली लांबी आहे. गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर ठेवा आणि दारांच्या फटी वर, मधे, खाली मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, गाद्या काढा आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून दूर न्या. हेराल्डची टाकी डिकीत एका बाजूला असते, तिथे ठिणगी पोचायला वेळ लागत नाही. पाण्याची बादली जवळ हवी, आणि काम थांबल्यावरही तासभर कुणीतरी गाडीपाशी बसावं.

कापताना हात आखडू नये. भोकाच्या कडेला पत्रा कागदासारखा झालेला असतो, त्याला वेल्डिंग धरत नाही, नुसती भोकं वाढत जातात. ग्राइंडरने घासल्यावर लख्ख, एकसारखं लोखंड दिसेल तिथपर्यंत मागे जा. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहा आणि त्यावरून पत्रा कापा. पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्यावा, साधारण २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर. गंज लागणार नाही म्हणून काहीजण जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा आणतात. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने धुरात जातं आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर हे काम करायचे, आणि तापून वाकडातिकडा झालेला पत्रा हातोडी-डॉलीने पुन्हा बसवायची त्यांची हातोटी पाहण्यासारखी असे. घरी मात्र सीओटू वेल्डिंग बरं. तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची. सलग शिवण न मारता एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, हात लावता येईल इतका पत्रा निवल्यावर मधला. हात बसवायला साताऱ्याकडे स्वतःचं उत्तम साधन आहे, जुनी प्रिया स्कूटर. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारच्या कारखान्यात ती बनायची. तिची सगळी बॉडी दाबून घडवलेल्या पत्र्याची. तिचा गंजलेला फूटबोर्ड नीट जोडता आला, की हेराल्डच्या फ्लोअरला हात घालायला हरकत नाही.

जुन्या विलायती गाड्यांच्या जोडांत कधीकधी शिशाचा भराव सापडतो. शिसं धरण्याआधी पत्र्यावर कथलाचा पातळ हात द्यावा लागतो, आपला कल्हईवाला नवसागर टाकून पातेल्यात द्यायचा त्याच जातीचा. हा भराव कोरडा घासू नये, शिशाची धूळ घातक.

इथे मिरजेची आठवण निघते. तिथले तंतुवाद्य कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले साफ करायचे, त्यांना धार-पाणी द्यायचे, म्हणजे गंजाशीच त्यांचा सामना. शस्त्रांचं काम सरलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार-तंबोरे बनवायला घेतले आणि मिरजेचं नाव देशभर गेलं. या पट्ट्यातल्या हातांना धातूचं वळण जुनं आहे. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी त्याच्या कितीतरी आधी, १९४९ पासून, मीरा ही छोटी मोटार घडवली होती. अशा मुलखात जुन्या गाडीचा पत्रा भंगारात का जावा?

बारीक भागांचा गंज काढायला धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडी सळी पुरते. भाग ऋण टोकाला, सळी धन टोकाला. हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टीलची सळी वापरू नका, त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. माझी आवड मात्र हिरड्याची. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे फळ टॅनिनने भरलेलं असतं. हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वापार होत आली. गंजाशी टॅनिनचं तेच होतं. हिरड्याच्या काढ्यात टाकलेले तांबूस बोल्ट बघता बघता निळसर काळे पडतात. बाजारातल्या कित्येक गंजरोधक द्रावणांत टॅनिनच असतं. अर्थात हा उपाय पातळ, घट्ट धरलेल्या गंजावरच. सुटलेले पापुद्रे आधी खरवडून काढायचे.

जोड झाल्यावर प्रायमर, मग सांध्यांवर सीलर, मग रंग. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, रंगातली रसायनं फुप्फुसाला बाधतात. शेवटचा फवारा बूथ असलेल्या पेंटरकडूनच मारून घ्यावा. रंग वाळल्यावर पोकळीत पातळ मेण फवारा आणि तळाची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. पुष्कळ गाड्यांची ही भोकं लांबीने बुजवलेली सापडतात, आणि तिथूनच पुढचा गंज सुरू होतो.

मूळ बॉडी राखण्याला आता कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, चॅसी-बॉडीत मोठा फेरबदल न केलेल्या गाडीला विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. पन्नाशी उलटलेली हेराल्ड त्यात बसते.

आपल्याकडे या कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. हवा कोरडी, उघडा पत्रा रातोरात तांबूस होत नाही. मेअखेर वळवाच्या आत प्रायमर आणि मेण व्हायला हवं. तुमच्या दारात अशी गाडी उभी असेल, तर फराळ उरकल्यावर रंगाच्या डब्याचा भाव विचारायला जाऊ नका. आधी गाडीतलं मॅटिंग उचला, फ्लोअरचे चारही कोपरे टोचून पाहा आणि जिथे टोक आत गेलं तिथे खडूने गोल करा. कामाची खरी यादी त्या गोलांची.